तुराटी आणि उजेडाचा पडदा

सकाळची कंपनीची बस आता मला उलट्या अंगाला नेते. आधी पडेगावहून बसलं की छावणी, नगर नाका आणि तिथून वाळूज, ऊन पाठीशी. आता स्टॉप तोच, डबा तोच, पण बस अख्खं शहर कापत जालना रोडनं शेंद्र्याला जाते आणि सूर्य पार डोळ्यात घुसतो. खिडकी मिळून फायदा नाय, डोळे मिटूनच बसावं लागतं. आणि डोळे मिटले की मला प्रेस ऐकू येते. धाड, मग हवेचा फुस्स, मग परत धाड. हे मी एकदा आईला सांगितलं तर ती म्हणाली, फिरती खुर्ची मिळालीय, एसी मिळालाय, आणि हिला तेलकट शेडची आठवण यायलीय, हिचं डोकं तपासा कुणीतरी.

तपासायचं काय त्यात. येते आठवण. म्हणून एका दमात लिहून टाकते, मधी थांबले तर परत ऑफिसचे फॉर्म करायला बसेन.

आमचं शॉप म्हणजे वाळूजमधली एक पत्र्याची शेड आणि तिच्यात एका रांगेत सहा पॉवर प्रेस. पॉवर प्रेस बघितली नसेल तर सांगते. लोखंडाची उंच चौकट असते, खाली साचा, वर जड ठोकळा. साच्यावर पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन बाजूची दोन बटणं दोन तळहातांनी एकाच वेळी दाबायची. ठोकळा येतो, धाड, पत्र्याचा पार्ट होतो. मग परत हात आत. दिवसभर तेच. हात आत जातो आणि ठोकळा खाली येतो, या दोन गोष्टी एका वेळी होऊ नयेत, एवढ्यासाठीच माझी नोकरी होती. डिप्लोमा झाल्यावर मेंटेनन्समधी ट्रेनी लागले होते, इलेक्ट्रिकलला. त्या शेडमधली मेंटेनन्सची पहिली पोरगी. मला तिथंच पर्मनंट व्हायचं होतं. ऑफिसात नाय, शेडमधी, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, विचारलं नव्हतं त्यांना बी.

प्रेसच्या तोंडापुढं दोन पिवळे खांब असायचे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीला. एका खांबातून उजेड निघतो, समोरचा तो पकडतो. आपल्या डोळ्याला काय दिसत नाय, मधी नुसती हवा. पण त्या हवेत बोट गेलं तरी दिवा हिरव्याचा लाल होतो आणि ठोकळा असेल तिथं थांबतो. मॅन्युअलमधी याला लई लांबलचक नाव आहे, आमच्याकडं सगळे पडदाच म्हणायचे. पडदा लाल झाला, पडदा पुसून घे, पडद्याला धूळ बसली.

आणि पाळी संपली की नळावर दहा. हे मला कुठंच परत बघायला मिळालं नाय. हात धुतले की प्रत्येकानं दोन्ही पंजे उघडून समोरच्याला दाखवायचे. तो विचारतो, "दहा?" आपण म्हणायचं, "दहा." मग घरी. बाय नाय, भेटू नाय, दहा. मी पहिल्या दिवशी हात नुसते पुसून निघाले तर मागून आवाज आला, "ए पोरी, हिशेब न देता कुठं चाललीस?" मला वाटलं स्पॅनर राहिला माझ्याकडं. वळून बघते तर एक म्हातारा माणूस ओले पंजे उघडून उभा.

तेच मामा. प्रेसवर जुन्या ऑपरेटरला मामाच म्हणतात सगळे, पण नुसतं मामा म्हटलं की तीन नंबरच्या प्रेसवरचे हेच. शॉपमधी सगळ्यात जुने. शेंद्र्याच्या पुढं त्यांचं गाव, थोडी शेती, घरचे लोक बघायचे. ते तिथून रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचे वाळूजला. पडदे आले त्याच्या लई आधीपासून ते प्रेस चालवत होते आणि त्यांची दहाची दहा बोटं जाग्यावर होती. त्या काळातल्या प्रेसवाल्याची दहा बोटं म्हणजे काय, हे शेडमधल्या बाकीच्या मामा लोकांचे पंजे मोजले की कळायचं. मी मोजले होते, गुपचूप.

पाळी सुरू व्हायच्या आधी पडदा तपासायचा असतो, सहाच्या सहा प्रेसचा. त्यासाठी पडद्यासोबत एक काळा रॉड येतो, बोटापेक्षा थोडा जाड, त्याचा व्यास ठरलेला. तो पडद्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत हळूहळू फिरवायचा आणि दिवा सगळीकडं लाल राहिला पाहिजे. एखाद्या ठिकाणी हिरवा झाला म्हणजे तिथं भोक आहे, तिथून हात जाऊ शकतो. मी रॉड फिरवायची, दिवा बघायची, तक्त्यावर टिक मारायची, पुढची प्रेस.

मामांचं वेगळंच. माझा रॉड फिरवून झाला की ते लॉकरमधून तुराटी काढायचे. तुरीचं वाळलेलं खोड, हातभर, त्यांच्या रानातलं. त्याला पुढं धरायला तारेचा एक हूक केलेला होता, तो ते प्रेसच्या कडेला अडकवायचे. हुकावर तुराटी आडवी ठेवायचे, अशी की तिचं एक टोक बाहेर आणि दुसरं पडद्यातून आरपार जाऊन साच्यावर. अगदी हात जातो तशी. आणि मग दोन्ही बटणं दाबायचे. ठोकळा हलला नाय की तुराटी काढून लॉकरात, मगच पहिला पत्रा.

मी नवीन होते, शहाणी होते. म्हटलं, "मामा, याचा काय उपयोग नाय. रॉडचा व्यास ठरलेला असतो. तुमची तुराटी एकीकडं जाड, एकीकडं बारीक."

"तुझा रॉड काय सांगतो?"

"पडदा बघतोय का ते."

"बरोबर. पडदा बघतो. पर प्रेस त्याचं ऐकती का? ते कोण सांगंल?"

"दिवा लाल होतो ना."

"दिवा दिव्याचं सांगतो गं. नवरा घरात हाय एवढ्यानं काय होतं, ऐकतो का ते बघावं लागतं." शेजारच्या प्रेसवरचे दोघं हसले. डाय, म्हणजे साचा, सेट करणारे भाई होते तिथं, ते म्हणाले, "मामी को बोलूं क्या ये बात?" मामा म्हणाले, "तिनंच शिकवलीय."

माझ्या डोक्यात ते तेवढं शिरलं नाय. चेष्टा म्हणून लक्षात राहिलं.

दुसरी एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली, म्हणजे मला वाटलं मी शिकवली. तीन नंबरचा ब्रेक झिजला होता. ब्रेक झिजला की पडदा लाल झाल्यावर ठोकळा थांबायला थोडा जास्त वेळ घेतो, डोळ्याला कळत नाय, मीटर लावून मोजावं लागतं. आणि तेवढ्या वेळात हात पुढं जाऊन साच्यापर्यंत पोचू शकतो. मग एकतर ब्रेक करायचा नायतर खांब मागं घ्यायचे. सुटं सामान येईपर्यंत आम्ही खांब वीतभर मागं घेतले. मामांच्या हाताला ते लांब पडायला लागलं, दर पत्र्याला जास्त वाकावं लागायचं. मला वाटलं आता शिव्या बसणार. मी गणित घेऊन गेले, हाताचा वेग एवढा, थांबायचा वेळ एवढा, गुणले की अंतर एवढं. मामांनी अर्ध्यातच थांबवलं.

"बैलाला थांबायला हो म्हणलं तरी दोन पावलं जातोच ना. जितका बैल म्हातारा, तितकं आधी हो म्हणावं. एवढंच हाय का?"

एवढंच होतं. मी तीन पानं केली होती.

त्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत तीन नंबरशेजारीच बसायला लागले. त्यांच्या डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भाकरी, माझ्या डब्यात पोळी-भाजी, अदलाबदल. ते मला प्रेसचा आवाज ऐकायला शिकवायचे, डोळे मिटून. ही धार गेलेली, ही हवा गळतीय, ही बरी हाय. मला शंभरातून दहा वेळा कळायचं. मी म्हणायची, एक वर्षात शिकेन. माझं पर्मनंटचं दोन महिन्यांवर आलं होतं, शॉपचे साहेब म्हणाले होते, बघू, होईल. म्हणजे होणार होतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला मशीनची पूजा असते, सगळ्याच कंपन्यांत असते, पण प्रेस शॉपवाल्यांचा थाट वेगळा. शेड धुवून काढतात, सहाही प्रेस पुसून तेल-पाणी करून ठेवतात, झेंडूचे हार. आणि तीन नंबर सगळ्यात जुनी म्हणून मुहूर्ताचा स्ट्रोक तिचा. पूजा झाली की तिच्यावर एकच पार्ट काढायचा, त्याला हळदकुंकू लावायचं आणि तो साहेबांच्या टेबलवर ठेवायचा पुढच्या खंडेनवमीपर्यंत.

आता पडद्याचे ते दोन पिवळे खांब. बघितलं तर कसे दिसतात? दाराच्या चौकटीसारखे. आणि चौकट दिसली की आपली माणसं काय करणार? तोरण बांधणार. सकाळी मामा लोकांनी दोन्ही खांबांच्या मधी झेंडूचं, आंब्याच्या पानांचं मोठं तोरण बांधलं, लई सुंदर दिसत होतं, मी फोटो बी काढला. आणि तोरणाची पानं लोंबत होती बरोबर उजेडाच्या आड. दिवा लाल. आरती झाली, नारळ फुटला, साहेबांनी बटणं दाबली, ठोकळा ढिम्म.

कुणीतरी म्हणालं तोरण वर घ्या. दुसरा म्हणाला, मुहूर्ताआधी पूजेचं तोरण सोडू नाय, बरं नसतं. सगळे थांबलेले, मालक आलेले, पेढे उघडून ठेवलेले. साहेब माझ्याकडं वळले. "ताई, चावी."

डाय बसवताना पडदा थोडा वेळ बंद ठेवावा लागायचा, त्यासाठी पॅनलवर चावीचं स्विच होतं आणि चावी मेंटेनन्सकडं. त्या पाळीला म्हणजे माझ्याकडं. ती फिरवली की पडदा नुसता नावाला. दिवा लाल-हिरवा होत राहतो, पण प्रेस त्याला विचारत नाय. शेजारी एक छोटा पिवळा दिवा लागतो, पडदा बंद आहे हे सांगायला. मी एवढ्या लोकांसमोर पुढं गेले, चावी फिरवली, साहेबांनी बटणं दाबली, धाड. टाळ्या. मालक म्हणाले, वा, ही पोरगी कोण. मला इतका आनंद झाला की मी चावी काढून खिशात टाकली आणि फोटोत जाऊन उभी राहिले.

चावी काढली. परत फिरवली नाय. ते जुनं स्विच होतं, कुठल्याही बाजूला असताना चावी निघायची त्याची. आणि पॅनलवर हार घातलेला, तो पिवळ्या दिव्यावरच.

अजून एक आहे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्याच्या नंतरची सकाळ गडबडीची असते म्हणून मी त्या सकाळच्या सहाही टिका पेढा खाता खाता तेव्हाच मारून टाकल्या होत्या. सगळेच मारतात, असं मला वाटायचं.

सुट्टीनंतरच्या सकाळी बसला उशीर झाला. मी पोचले तोपर्यंत मामांनी तोरण सोडून प्रेसच्या माथ्यावर बांधलं होतं. पॅनलवरचा हार तसाच, कारण पूजेचा हार सुकून आपोआप पडू द्यायचा असतो. दिवा हिरवागार. तक्त्यावर माझी टिक. सगळं नीट दिसत होतं. मी लॉकरकडं जातेय तोवर मागून धाड आलं. एकच.

एवढ्या लवकर पहिला पार्ट कसा, असं मनात आलं आणि मी वळले. मामा दोन्ही तळहात बटणांवर ठेवून तसेच उभे होते. हुकावर अर्धी तुराटी. अर्धी साच्यात, चपटी झालेली, कागदासारखी.

बटणावरून हात काढले त्यांनी आणि लाल मोठं बटण दाबून प्रेस बंद केली. ओरडले नाय. मला खुणेनं बोलावलं.

"हार उचल तो."

मी पॅनलवरचा हार उचलला. खाली पिवळा दिवा जळत होता.

चावी माझ्या खिशातच होती, गरम झालेली. साहेब अजून आले नव्हते. शेजारच्या प्रेसवर कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मामा, फिरवते मी. आत्ता फिरवते. कुणाला काय कळणार नाय."

"फिरव. पर आधी लिही."

"मामा, दोन महिन्यांवर आलंय माझं पर्मनंट."

"माझं बी हाय की पर्मनंट." त्यांनी पंजे दाखवले. "दहा."

मी रडायला लागले. ते तसेच उभे. म्हणाले, "आज मी होतो म्हणून तुराटी गेली. दुसऱ्या पाळीला ते नवं पोरगं बसतं हिच्यावर. ते दिवा बघतं, तुझी टिक बघतं अन् हात घालतं. रोज काय मी येणार हाय व्हय तुझ्या टिकेच्या मागं?"

"लिहिते. पण तुराटीचं नाय लिहीत. तुम्हाला बोलतील. साच्यात लाकूड घालायला बंदी आहे."

"मग प्रेस ऐकत नव्हती हे तुला कळलं कसं? सपनात? सगळं लिही. अर्धं लिहिलंस तर तेवढंच खोटं होतंय."

मी लिहिलं. चावी मी फिरवली, परत फिरवली नाय, टिक न तपासता आधीच मारली, ऑपरेटरनं स्वतःची काठी घालून तपासलं म्हणून कळलं, काठी मोडली. खाली सही. माझं अक्षर चांगलं आहे, लहानपणापासून.

मीटिंग झाली. मोडलेली तुराटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलवर ठेवली होती, पोलिसांकडं असतं तसं. स्विच बदलायचं ठरलं, आता चावी पडदा चालू असतानाच बाहेर निघते, बंद असेल तर निघतच नाय. हे चांगलं झालं, लई चांगलं झालं. खांबांना काहीही बांधायला बंदी झाली, तेही बरोबर. आणि मामांना पत्र मिळालं, साच्यात बाहेरची वस्तू घातल्याबद्दल. रिटायर व्हायला त्यांना थोडेच महिने राहिले होते, तेवढ्यासाठी त्यांना पॅकिंगला दिलं. प्रेस काढून घेतली.

माझी नोकरी गेली नाय. हेच तर आहे. साहेब म्हणाले, एवढं स्वच्छ खरं लिहिणारी माणसं कमी असतात, तुला शेंद्र्याच्या युनिटला घेतोय, सेफ्टी ऑफिसात, फॉर्म आणि तक्ते करायला, पर्मनंट. आईनं पेढे वाटले. मी पॅकिंगला जाऊन मामांना सांगितलं, ते खोक्याला पट्टी लावत होते. म्हणाले, "बरं झालं. माझ्या गावाच्या अंगाला चाललीस." वर बघितलं नाय त्यांनी. पट्टी तिरकी गेली होती, ती काढून परत लावत बसले.

त्यांचा शेवटचा दिवस होता तेव्हा मी शेंद्र्यात ट्रेनिंगच्या खोलीत बसले होते. संध्याकाळी भाईंचा फोन आला. "मामा गये आज. नल पे सबको दहा बोले. फिर पूछे, पोरगी कायको नै आयी. मैं बोला, उसका ऑफिस है अब."

त्यानंतर मी रोज त्यांच्या गावाच्या दिशेनं जायची. शेंद्र्याच्या स्टॉपवर उतरायची आणि बस बाकीच्यांना घेऊन पुढं करमाडकडं निघून जायची. त्यांचं गाव तिथून फार लांब नाय. पण मी गेले नाय, पूर्ण पावसाळा गेले नाय. काय तोंड घेऊन जायचं. मी लिहिलं ते खरं होतं, त्यांनीच लिहायला लावलं होतं, आणि त्या लिहिण्यानंच त्यांची प्रेस गेली. डोक्याला कळायचं की यात दोष कुणाचा काय आहे आणि काय नाय. पण नवीन ऑफिसच्या बेसिनवर हात धुताना मी पंजे उघडायची आणि समोर आरसा.

मग मी एक गोष्ट हातात घेतली. आमच्या सगळ्या युनिटच्या पडदा तपासणीच्या फॉर्मवर एकच ओळ होती, रॉड फिरवा, दिवा लाल होतो का पहा. मी म्हटलं, अजून एक ओळ पाहिजे. रॉड पडद्यात असताना दोन्ही बटणं दाबा, मशीन चालता कामा नये. लोक म्हणाले वेळ जाईल. म्हणाले, दिवा लाल झाला म्हणजे झालंच की. मी प्रत्येक मीटिंगला तेच बोलायची, दिवा दिव्याचं सांगतो. नवऱ्याचं उदाहरण तेवढं गाळायची. शेवटी झालं मंजूर. नवा फॉर्म छापून, लॅमिनेट होऊन आला, त्याच शनिवारी मला सुट्टी होती, आणि मी एक प्रत पिशवीत घालून एसटीत बसले आणि शेंद्र्याच्या स्टॉपवर न उतरता पुढं गेले.

तूर काढून झाली होती. रानात तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. मामा बांधावर पेंढ्या बांधत होते. लांबूनच ओळखलं त्यांनी आणि पंजे उघडले. मी बी उघडले. मग बघते तर त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"साडेनऊ," ते म्हणाले. "इळा लागला. रानात पडदा कुठून आणू?"

मामींनी चहा आणला. मला बघून म्हणाल्या, "हीच का ती, चावीवाली?" मामा म्हणाले, "हीच ती, लिहिणारी." मी मान खाली घालून फॉर्म काढला. मामांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. नव्या ओळीवर लई वेळ थांबले. मला वाटलं आता काहीतरी चांगलं म्हणतील. इतके महिने मी त्याच एका शब्दासाठी थांबले होते, खरं सांगते.

म्हणाले, "दोन्ही हात बटणावर. मग रॉड कोण धरणार?"

एवढ्या मीटिंगा, एवढ्या सह्या, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्या बी नाय, मी तर तो हूक रोज बघितलेला.

"दुसरा माणूस धरंल," मी म्हटलं.

"म्हणजे पडद्यात दुसऱ्याचा हात? भारी तपासणी हाय." मामी हसल्या. मामा उठले, गोठ्याच्या कुडात खोचलेली तार ओढून काढली, पक्कड नव्हती तर दगडावर ठोकून ठोकून वाकवली. तसाच हूक, लॉकरमधला होता तसा. माझ्या हातात दिला. "हे लिहायचं इसरलीस बघ."

रानात शांतता इतकी होती की मला कानात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटत होतं.

"ती कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"तीन नंबर. ब्रेक केला का नवा? का अजून खांब मागंच?"

"माहीत नाय मामा. मला बी आता तिकडं कोण नेतं."

मी भाईंना फोन लावला. वाळूजला शनिवार चालू असतो. ते चहाला बाहेर आले होते. म्हटलं, भाई, जरा आत जाऊन तीन नंबरपाशी फोन धरा ना, मामांना ऐकायचंय.

"मॅडम, शॉप में फोन अलाऊड नै अब. नोटीस लगी है दरवाजे पे. नीचे आपकीच सही है."

होती. मीच केला होता तो नियम, पहिल्याच महिन्यात. मामांनी ऐकलं आणि इतके हसले की चिंधीचं बोट तोंडावर धरलं. भाई म्हणाले, "रुको, दरवाज्यातल्या पिवळ्या रेषेच्या बाहेर उभा रहातो, दरवाजा उघडा ठेवतो. जितना आता उतना सुनो."

मी स्पीकर चालू केला आणि फोन पेंढ्यांवर ठेवला. सहा प्रेसचा मिळून एकच गोंगाट येत होता, मधी कंप्रेसर, मधी कुणीतरी हाक मारत होतं. मी डोळे मिटले, शिकवलं होतं तसे. मला काय वेगळं काढता येईना. डोळे उघडून बघते तर मामांनी डोळे मिटलेले आणि चिंधीचं बोट हळूहळू वरखाली होत होतं, एका तालावर, मधी थोडं थांबून परत. ते तीन नंबरचंच होतं का, मला नाय सांगता येणार. मी विचारलं बी नाय. भाईंचा चहा संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो.